साखरेची गोळी आणि खरे दुखणे

वाचकहो, एरवी या सदराला आठवड्याला एक पान मिळते आणि त्याचाही खालचा कोपरा जाहिरातवाले घेऊन जातात. दिवाळी अंकात मात्र संपादक हात जरा सैल सोडतात. म्हणून वर्षभरात आलेल्या पत्रांतले एखादे लांब उत्तराचे पत्र मी दिवाळीसाठी बाजूला काढून ठेवतो. यंदाचे पत्र सोलापूरच्या एका भगिनींचे आहे. नाव अर्थातच सांगत नाही.

त्यांच्या सासूबाईंचे वय ब्याऐंशी. दोन्ही गुडघे गेलेले. दुखण्याच्या गोळ्या दिवसातून दोनच घ्यायच्या, जास्त घेतल्या तर मूत्रपिंडांना अपाय होईल, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. पण रात्रीचे अकरा वाजले की आतून हाक येते, "सूनबाई, ती गोळी दे गं." शेवटी सूनबाईंनी डॉक्टरांना गाठले. डॉक्टर हसून म्हणाले, "कॅल्शियमची गोळी द्या आणि सांगा, दुखण्याचीच आहे. झोप लागेल." तशी दिली, आणि खरोखरच झोप लागली! चार महिने हा प्रकार चालू आहे. बाई लिहितात, "सासूबाईंना बरे वाटते, मला मात्र टोचणी लागून राहते. त्यातून घरात दोन तट पडले आहेत. यजमान म्हणतात, आईचे दुखणे मुळात मनाचेच होते, हे आता सिद्ध झाले. मला तसे वाटत नाही. तुमचे काय मत?"

या यजमानांना बोल लावण्यात अर्थ नाही. 'खोट्या गोळीने राहिले, म्हणजे दुखतच नव्हते' हा न्याय त्यांनी घरी बसून काढलेला नाही. तो थेट वैद्यकाच्या पेठेतून आलेला माल आहे आणि तेथे तो पुष्कळ वर्षे खपत होता. तो माल बनावट आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे. पण ते सांगायला जरा लांबून यावे लागेल.

अशा गोळीला डॉक्टरमंडळी 'प्लासिबो' म्हणतात. शब्द लॅटिन, अर्थ 'मी खूश करीन'. ख्रिस्ती लोकांच्या मृतांसाठी म्हणायच्या प्रार्थनेत तो येतो. जेवणाच्या आशेने परक्याच्या मयताला जाऊन ती प्रार्थना आळवणारे लोक युरोपात असत म्हणतात. त्यामुळे शब्दाला हळूहळू तोंडपुजेपणाचा वास लागला. चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीने तर आपल्या एका कथेत नायकाच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलावणाऱ्या पात्राचे नावच प्लासिबो ठेवले आहे. आपण त्याला 'होयबा' म्हटले असते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा होयबा औषधांच्या कपाटात शिरला. रोग्याला गुण यावा यापेक्षा त्याचे समाधान व्हावे म्हणून दिलेले औषध, ते प्लासिबो. मी आपले त्याला 'समजुतीचे औषध' म्हणणार आहे.

हे औषध डॉक्टर किती सढळ हाताने देत, याची मोठी गंमत अमेरिकेचे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १८०७ साली एका डॉक्टर स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात सांगितली आहे. त्यांच्या माहितीतल्या एका अतिशय यशस्वी डॉक्टराने त्यांच्यापाशी कबूल केले होते की, बाकी सगळी औषधे मिळून आपण जेवढी देतो, त्याहून अधिक पावाच्या गोळ्या, रंगीत पाण्याचे थेंब आणि हिकरीच्या लाकडाच्या राखेच्या पुड्या देतो. जेफरसनसाहेबांनी ही लबाडी धर्मकृत्यात मोडणारी ठरवून तिला माफी देऊन टाकली.

रंगीत पाणी म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे गिरगावातला आमच्या चाळीखालचा दवाखाना उभा राहतो. बाटली घरून न्यायची. कंपाउंडर ती विसळून तीत लाल मिक्श्चर भरायचा आणि कातरीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी डिंकाने चिकटवून द्यायचा. एका खाचेला एक डोस. त्या लाल पाण्यात काय असे, ते कंपाउंडरला ठाऊक आणि देवाला! पुढे बाटली गेली आणि तिच्या जागी सुई आली. अंग दुखते, 'ताकदीचे' इंजेक्शन द्या. अशक्तपणा वाटतो, एक सलाईन लावा. इंजेक्शन न देणारा डॉक्टर हुशार नाही, असे मानणारी कुटुंबे आजही आहेत, आणि ती सगळी खेड्यातलीच आहेत असे कुणी समजू नये.

(होमिओपथीवर श्रद्धा असणारे वाचक एव्हाना सरसावून बसले असतील. त्यांच्याशी आज माझे भांडण नाही. दिवाळी आहे.)

आता गंमत सोडून मुद्द्याकडे येऊ. समजुतीच्या औषधाने दुखणे खरोखर कमी होते काय? याची पहिली पद्धतशीर परीक्षा इंग्लंडातल्या बाथ या गावी १७९९ साली झाली. त्या काळी अमेरिकेतल्या पर्किन्स नावाच्या वैद्याच्या धातूच्या दोन कांड्या फार गाजत होत्या. दुखऱ्या जागेवरून त्या फिरवल्या की वेदना ओढून घेतात, अशी ख्याती होती. जॉन हेगार्थ या डॉक्टराने तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या करवून घेतल्या आणि संधिवाताने आखडलेल्या पाच रोग्यांवर फिरवल्या. चौघांना आराम पडला! दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या कांड्या फिरवल्या, तर तोच अनुभव. हेगार्थने दुसऱ्या वर्षी पुस्तक लिहिले आणि कांड्यांची अब्रू गेली. ते योग्यच झाले. पण या खटपटीत एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून निसटली. लाकडाच्या कांडीने का होईना, चार माणसांचे दुखणे हलके झाले होते. ते कसे झाले, हे पुढची पावणेदोनशे वर्षे कोणालाच सांगता आले नाही.

या गोष्टीचा बराचसा पुढचा भाग अमेरिकेतल्या बोस्टन शहरात, तोही एकाच रुग्णालयाच्या आसपास घडला. ते मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालय. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून रोग्याला बेशुद्ध केले आणि वेदनेवाचून शस्त्रक्रिया होऊ शकते हे चारचौघांत दाखवून दिले, ते येथेच. जेथे वेदनेला पहिला मोठा शह मिळाला, तेथेच समजुतीच्या औषधाचाही न्यायनिवाडा व्हावा, हा योग मोठा मौजेचा आहे.

या रुग्णालयातल्या डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०३ साली वैद्यकातल्या खऱ्याखोट्यावर एक निबंध लिहिला. गृहस्थ मोठे स्पष्टवक्ते. ते म्हणतात, पावाच्या गोळ्या आणि पाण्याची इंजेक्शने देण्याचे शिक्षण इतर डॉक्टरांप्रमाणे मलाही मिळाले. परंतु खोटे बोलण्याने नुकसानीपेक्षा फायदा अधिक झाला, असा एकही रोगी मला अजून आढळलेला नाही. डॉक्टरांचे नेहमीचे समर्थन असे की, रोग्यालाच औषध हवे असते, बाटलीवाचून त्याचे समाधान होत नाही. त्यावर कॅबट विचारतात, प्रत्येक तक्रारीला एक बाटली असते हे रोग्याला शिकवले कोणी? तो काही ही समजूत घेऊन जन्माला आलेला नाही. ती आपण डॉक्टरांनीच लावलेली सवय आहे. गिरगावातली लाल बाटली आणि आजचे सलाईन या दोहोंना लागू पडणारे बोल शंभरावर वर्षांपूर्वी कोणी तरी बोलून ठेवले आहेत, याचे मला फार नवल वाटते.

कॅबट यांचे फारसे कोणी ऐकले नाही. मग त्याच रुग्णालयात भूल देण्याच्या शास्त्राचे मोठे पंडित निघाले, डॉ. हेन्री बीचर. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीतल्या रणांगणावर होते. १९४४ साली अँझिओ येथे आणि आसपास त्यांनी छिन्नविच्छिन्न अवस्थेत आणलेले शेकडो सैनिक पाहिले. ते प्रत्येकाला सरळ विचारीत, दुखते आहे का, औषध हवे का? आणि चारांतले तिघे म्हणत, नको! हाड मोडलेले, पोट फाटलेले, आणि औषध नको. ही माणसे बधिर झाली होती म्हणावे, तर शिरेत सुई नीट न टोचणाऱ्यावर तीच माणसे एखाद्या धडधाकट माणसासारखी खेकसत. पुढे बोस्टनला परतल्यावर बीचरनी शस्त्रक्रिया झालेल्या साध्या नागरिकांना तोच प्रश्न विचारला. जखमा कितीतरी लहान. पण औषध मागणारे बहुसंख्य. बीचर यांनी उलगडा केला तो असा: सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे मरणाच्या दाढेतून सुटका, घरी जाण्याचे तिकीट. नागरिकाच्या दृष्टीने तीच जखम म्हणजे घरावर कोसळलेले संकट. तेव्हा दुखणे किती व्हायचे हे नुसत्या जखमेच्या आकारावर ठरत नाही. त्या जखमेचा आपल्या लेखी अर्थ काय, यावरही ते ठरते.

१९५५ साली बीचरनी समजुतीच्या औषधावर आपला गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. १५ निरनिराळ्या चाचण्या, १०८२ रोगी. त्यांतल्या सरासरी ३५ टक्के लोकांना नुसत्या समजुतीच्या औषधाने समाधानकारक आराम पडला, असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब तितकासा पक्का नव्हता. काही दुखणी काळानेच उतरतात. दुखण्याच्या ऐन भरात माणूस डॉक्टरकडे जातो, मग उतार पडतो आणि श्रेय गोळीला मिळते. १९९७ साली दोन जर्मन संशोधकांनी बीचरचे सगळे आकडे पुन्हा तपासून हा दोष दाखवून दिला. २००१ साली डेन्मार्कमधल्या दोघांनी शंभरावर चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा बहुतेक रोगांवर समजुतीच्या औषधाचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. मात्र वेदनेवर थोडासा दिसला. थोडासा, पण दिसला. या रस्त्यावर मैलामैलावर बढाया सांडलेल्या आहेत, तेव्हा हा थोडासा शब्द वाचकांनी गाठीला बांधून ठेवावा.

परंतु बीचरच्या मंडळींनी वर्षभर आधी, १९५४ साली, आणखी एक गोष्ट पाहून ठेवली होती, तिच्याकडे मात्र डॉक्टरांचे दुर्लक्ष झाले. शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांना त्यांनी समजुतीची इंजेक्शने एकदा नव्हे, अनेकदा देऊन पाहिली. काही थोड्यांना दरवेळी गुण आला, काहींना कधीच आला नाही, आणि निम्म्याहून अधिक लोकांना एकदा आला तर दुसऱ्यांदा आला नाही. गुण येणारे लोक अडाणी होते किंवा बायकाच होत्या, असेही काही निघाले नाही. म्हणजे 'पाण्याने बरे वाटणारा माणूस' अशी वेगळी जात नाहीच! आज त्यात मोडलात, उद्या नाही. असे असताना पाण्याच्या एका सुईवरून माणसाची परीक्षा करणे म्हणजे खुळेपणाच. पण तो खुळेपणा इस्पितळातून सर्रास चालत होता. कसा, ते मी जवळून पाहिले आहे.

आमची अक्का, म्हणजे माझी थोरली चुलत बहीण, १९७४ साली पाठीच्या दुखण्याने एका रुग्णालयात दाखल झाली. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अक्का त्या वेळी तिशीतली. दोन मुले, नोकरी करणारी. पाठीत असा ठणका लागायचा की उशीचा अभ्रा दातांत धरून पडून राही. क्ष-किरणांच्या चित्रात काही दिसले नाही. रात्री ती सारखी इंजेक्शन मागते म्हणून कंटाळलेल्या कोणी तरी एका रात्री तिला नुसत्या शुद्ध पाण्याचे इंजेक्शन दिले. अक्काला तास दोन तास बरे वाटले, डोळाही लागला. सकाळी मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन आले. पाण्याची हकीगत ऐकून ते इंग्रजीत म्हणाले की, पाहा, पाण्याने थांबले, तेव्हा पाठीत काही नाही, जे आहे ते डोक्यात आहे. घोळक्यात थोडी खसखस पिकली. त्यांना वाटले असावे, नऊवारी नेसलेल्या या बाईला इंग्रजी काय कळणार! अक्का मॅट्रिक होती. तिला शब्दन् शब्द कळला.

तिला घरी पाठवण्यात आले. त्यानंतर तिने दुखते हे बोलणेच सोडून दिले. सासरी बोलली तर 'पाण्याने राहते ना?' असा प्रश्न येई. संध्याकाळी बारीक ताप यायचा तोही ती लपवू लागली. दोन महिन्यांनी पाय जड पडू लागले, जिना चढवेना, तेव्हा आमच्या काकांनी तिला दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पाठीवरून बोट फिरवले, एका मणक्यावर येताच अक्का किंचाळली. पुन्हा चित्र काढले. मणक्यांचा क्षय, दोन मणके कडेने पोखरलेले. मग स्ट्रेप्टोमायसीन आणि गोळ्या, पाठीला प्लॅस्टर, सात-आठ महिने पलंगाची संगत. सुदैवाने ती पुन्हा चालती झाली. पुढे कितीतरी वर्षांनी हा विषय निघाला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "दुखत नव्हते असे मी कधी म्हटले? थोडा वेळ थांबले, एवढेच म्हटले होते."

हा एका रुग्णालयाचा किंवा एका डॉक्टराचा दोष असता, तर मी येथे उगाळला नसता. १९७९ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या काही डॉक्टरांनी आपल्याच रुग्णालयातल्या शिकाऊ डॉक्टरांची आणि परिचारिकांची चौकशी केली: समजुतीचे इंजेक्शन तुम्ही कोणाला देता? उत्तर असे आले की, जे रोगी आवडत नाहीत, सारखी तक्रार करतात, दुखणे वाढवून सांगतात असा संशय येतो, ज्यांना नेहमीच्या औषधांनी गुण येत नाही, त्यांना. म्हणजे ते वेदना घालवण्यासाठी कमी आणि रोग्याला खोटे पाडण्यासाठी जास्त वापरले जात होते. त्याच वेळी, समजुतीच्या औषधाने किती खऱ्या दुखण्यांना आराम पडतो, याचा अंदाज याच मंडळींनी फार कमी धरला होता. हा निबंध मी कितीतरी उशिरा वाचला. वाचताना त्या सकाळचा तो घोळका डोळ्यांपुढून हलेना.

आणि मौज पाहा, या न्यायाच्या मुळावर कुऱ्हाड त्याआधी एक वर्ष, १९७८ सालीच पडली होती. सान फ्रान्सिस्कोमध्ये लेविन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघा संशोधकांनी अक्कलदाढा काढलेल्या रोग्यांवर एक प्रयोग केला. आपल्या शरीरात अफूच्या जातीची वेदनाशामक द्रव्ये आपोआप तयार होतात, हा शोध तेव्हा ताजा होता. नॅलोक्सोन नावाचे एक औषध आहे, ते अफूचा परिणाम मोडून काढते. या मंडळींनी रोग्यांना समजुतीचे औषध दिले. काहींना आराम पडला. मग गुपचूप नॅलोक्सोन दिले. ज्यांना आराम पडला होता त्यांचे दुखणे परत उफाळून आले! ज्यांना आराम पडलाच नव्हता, त्यांच्यात काही फरक दिसला नाही. याचा अर्थ उघड आहे. समजुतीच्या औषधाने नुसते 'वाटत' नव्हते. आता बरे वाटणार या अपेक्षेने शरीराने आपल्या कोठारातले औषध बाहेर काढले होते. कोठारातून औषध काढावे लागते ते आग लागलेली असते म्हणून. पाण्याने राहिलेले दुखणे खरेच दुखणे होते. किंबहुना दुखणेच नसते, तर राहायचे काय?

पुढे इटलीतल्या तुरीनमध्ये बेनेडेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच धागा उलट्या टोकाने उसवला. त्यांनी खोटे औषध वापरलेच नाही. शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांना खरेच वेदनाशामक दिले. पण काहींना डॉक्टराने खाटेशी येऊन, 'हे घ्या, आता दुखणे उतरेल' असे सांगून दिले, आणि काहींना शिरेला जोडलेल्या यंत्रातून त्यांच्या नकळत. औषध तेच. २००१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षाप्रमाणे, नकळत दिलेल्यांना तेवढाच आराम पडायला औषध जास्त लागले. म्हणजे चांगल्या डॉक्टराचा खाटेजवळचा शब्द हा औषधाचाच एक हिस्सा आहे आणि तो खरा शब्द असला तरी काम करतो. आपल्याकडच्या आजीबाया 'डॉक्टर नुसता आला तरी निम्मे बरे वाटते' म्हणत, त्या काही भोळ्या नव्हत्या.

एवढे वाचून कोणी समजुतीच्या औषधाचा झेंडा खांद्यावर घेऊ नये, म्हणून दुसरी बाजूही सांगून टाकतो. २०११ साली बोस्टनमध्येच दम्याच्या रोग्यांवर एक प्रयोग झाला. कधी खरे औषध हुंगायला दिले, कधी खोटे. कधी सुया टोचण्याचे नाटक केले, कधी काहीच केले नाही. किती बरे वाटले, असे विचारल्यावर पहिल्या तिन्ही वेळी उत्तर जवळपास सारखे आले: खऱ्या औषधाने ५० टक्के, खोट्याने ४५, सुयांच्या नाटकाने ४६, काहीच न केल्यावर २१. पण फुप्फुसांतली हवा यंत्राने मोजली, तेव्हा खऱ्या औषधाने ती सुमारे २० टक्क्यांनी सुधारली होती आणि बाकी तिन्ही वेळी सुमारे ७ टक्क्यांनीच. रोगी खोटे बोलत नव्हते. त्यांना खरेच हलके वाटत होते. श्वासनळ्या मात्र आवळलेल्याच होत्या. दम्याच्या माणसाला असे फसवे बरे वाटणे किती महागात पडेल, हे सांगायला नको. दुखणे कमी होणे आणि रोग हटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अक्काची पाठ दोन तास थांबली, मणका पोखरला जायचा थांबला नाही.

मग आजचे डॉक्टर काय करतात? २००८ साली अमेरिकेतल्या फिजिशियन आणि संधिवाततज्ज्ञ डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली. ६७९ जणांनी उत्तरे दिली. जवळजवळ निम्मे म्हणाले, होय, आम्ही नेहमी देतो. आणि ६२ टक्क्यांना त्यात गैर काही वाटत नव्हते. पण साखरेची गोळी आता जवळपास हद्दपार झाली आहे. तिच्या जागी जीवनसत्त्वे आली, चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या साध्या वेदनाशामक गोळ्या आल्या. काही थोडे डॉक्टर तर झोपेच्या गोळ्या आणि प्रतिजैविकेही याच कामाला लावत होते! रोग्याला काय सांगता, याचे बहुतेकांचे उत्तर असे की, 'तुमच्या तक्रारीवर हे औषध सहसा देत नाहीत, पण उपयोग होऊ शकेल.' शब्द कसे तोलून ठेवले आहेत पाहा. खोटेही नाही, खरेही नाही. हे समजुतीचे औषध आहे असे स्वच्छ सांगणारे शंभरात पाचच. आणि ही पाहणी झाली तेव्हा अमेरिकन मेडिकल असोसिएशनने रोग्याला कल्पना दिल्याखेरीज असे औषध देऊ नये, हा नियम २००६ सालीच करून ठेवला होता.

मी ही सगळी पुराणे आमच्या ओळखीच्या एका उपनगरातल्या डॉक्टरांना ऐकवली. वय पासष्ट, दवाखान्याबाहेर बाकड्यावर नेहमी तीस-चाळीस माणसे. ते म्हणाले, "तुमचे पटते. पण एखाद्या बाईची कंबर का दुखते ते तिला समजावून सांगायला पंधरा मिनिटे लागतात. जीवनसत्त्वाचे इंजेक्शन द्यायला दोन. आणि इंजेक्शन दिले की ती पैसे आनंदाने देते. पंधरा मिनिटे बोललो तर विचारते, औषध काहीच नाही दिले, मग पैसे कशाचे?" या बोलण्याला माझ्यापाशी झटकन उत्तर नव्हते. लबाडी एकट्या डॉक्टराची नसते. तिच्यात आपलीही भागी असते, आणि ती भागी आपण रोख मोजून घेतलेली असते. तरीही मी त्यांना अक्काची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

आता सोलापूरच्या भगिनींना. बाई, तुमच्या यजमानांना सांगा की, आईंचे गुडघे झिजलेले आहेत आणि दुखणे खरे आहे. कॅल्शियमच्या गोळीने झोप लागली याचा अर्थ एवढाच की, कोणी तरी रात्री उठून आपल्यासाठी येते, काही देते, याने त्यांच्या शरीरातले कोठार अजून उघडते. ही चांगली खूण आहे, पुरावा म्हणून त्यांच्याविरुद्ध वापरायची गोष्ट नव्हे. ज्या दिवशी तिसरी गोळी कॅल्शियमची होती हे त्यांना दुसऱ्याच कोणाकडून कळेल, आणि घरात दोन तट असताना ते कळणारच, त्या दिवसापासून पहिल्या दोन खऱ्या गोळ्यांवरचाही त्यांचा विश्वास उडेल. तेव्हा डॉक्टरांना पुन्हा भेटा, रात्रीच्या दुखण्यासाठी खरी तजवीज काय करता येईल ते विचारा: गोळ्यांच्या वेळा बदलणे, शेक, मलम, व्यायाम. आणि सासूबाईंना खरे सांगा. तुम्ही म्हणाल, खरे सांगितले की गोळीचा गुण गेला!

डॉक्टरांनाही नेमके असेच वाटत असे. समजुतीच्या औषधाचा सगळा प्राण फसवण्यात आहे, हे त्यांनी इतके धरून ठेवले होते की, न फसवता देऊन पाहावे असे फारसे कोणाला सुचलेच नाही. २०१० साली बोस्टनच्या टेड कॅप्चुक यांनी पोटाच्या चिवट तक्रारी असलेल्या ८० जणांवर ते करून पाहिले. निम्म्यांना स्वच्छ सांगून गोळ्या दिल्या की, यांत औषध नाही. तीन आठवड्यांनी गोळ्या घेणाऱ्यांपैकी ५९ टक्क्यांना पुरेसा आराम होता, न घेणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांना. मग २०१६ साली पोर्तुगालमध्ये लिस्बन येथे, कंबर वर्षानुवर्षे दुखत असलेल्या ८३ जणांवर त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रयोग केला. प्रत्येकाशी आधी पंधरा मिनिटे बसून बोलले: या गोळ्यांत काही नाही, पण शरीराची आपली म्हणून एक तऱ्हा असते, श्रद्धा हवीच असे नाही, गोळ्या मात्र न चुकता घ्या. बाटलीवर ठळक लिहिले होते, 'प्लासिबो'. नेहमीचे उपचार सर्वांचे चालूच होते. तीन आठवड्यांत गोळ्या घेणाऱ्यांचे नेहमीचे दुखणे सुमारे ३० टक्क्यांनी उतरले, न घेणाऱ्यांचे ९ टक्क्यांनी. प्रयोग लहान, मुदत थोडी. गाठीला बांधलेला तो थोडासा शब्द येथेही सोडू नये. प्रयोग संपल्यावर, गोळ्या न मिळालेल्या गटातल्या लोकांनाही विचारण्यात आले, तुम्हाला हव्या असतील तर या औषध नसलेल्या गोळ्या तीन आठवडे घेऊन पाहा. त्यांनाही बाटल्या मिळाल्या, लेबल तेच, आणि त्यांच्याही कंबरा थोड्या हलक्या झाल्या.